पुढे केलेला हात

मेट्रनबाई निवृत्त होणार होत्या आणि केक आणायचं काम सिस्टरच्या गळ्यात पडलं होतं. ती घाईघाईने बेकरीत शिरली, आणि काउंटरपाशीच तिचे पाय थबकले.

काचेपलीकडे भट्टीजवळ एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. त्याने कोपराने नळ बंद केला. मग ओले हात छातीसमोर वर धरून तो तसाच थांबला... कुणीतरी टॉवेल आणून देणारच, अशा ऐटीत.

असे हात धरणारी माणसं तिला एकाच ठिकाणी भेटत. ऑपरेशन थिएटरमध्ये.

तो वळला. गालाला खळी होती, ती तिने कधीच पाहिली नव्हती. पण मास्कच्या वर रोज दिसायचे ते डोळे मात्र—

"सर... तुम्ही?"

"सिस्टर!" तोही दचकला. "तुम्हाला जिवणीसुद्धा आहे तर!"

"चेष्टा नका करू. मला चक्कर येतेय."

"बसा, बसा. पडलात तर इथे फक्त पाव मिळेल, सलाईन नाही."

दोन वर्षं ती त्याच्या ऑपरेशन टेबलाशी उभी राहिली होती. तो न बोलता हात पुढे करायचा आणि ती हवं ते अवजार त्याच्या तळहातावर ठेवायची. एकदाही चुकली नव्हती. मग एका सोमवारी तो आलाच नाही. कुणी म्हणालं परदेशी गेला, कुणी म्हणालं भांडून गेला. ती कुणालाच काही म्हणाली नाही. कपडे बदलायच्या खोलीत दार लावून रडली तेवढी. आणि हा इथे, दोन गल्ल्या टाकून, नाकाला पीठ लावून उभा!

"का सोडलंत?"

उत्तर गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या आईने दिलं. "मला विचार, मुली. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून याला फोन केला. तर हा म्हणतो, 'पेशंटचं वय काय?' मी म्हटलं, मेल्या, आई बोलतेय!"

तिला हसू फुटलं. पण तो हसत नव्हता.

"आवाज ओळखला नाही मी, सिस्टर. आईचा. त्या दिवशी सकाळपासून माझ्यासाठी माणसं नव्हतीच. एक पित्ताशय, दोन हर्निया... आणि चौथा पेशंट फोनवर. फोन ठेवला आणि हात कापायला लागले. भीती वाटली मला माझीच."

तिचं हसू ओठांवरच गोठलं. दोन वर्षं ज्या हातांवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, ते कापत होते?

"परत या ना," तिचा आवाज अगदी बारीक झाला. "सगळे वाट बघतात."

"सगळे?"

"...मी."

भट्टीतून ताज्या पावाचा वास दरवळला. "नवे सर कसे आहेत?" ओट्यावर पीठ भुरभुरत त्याने हळूच विचारलं.

"ओरडून मागतात. मग मी देते."

"मी नाही येणार, सिस्टर. इथे गिऱ्हाईक हसत येतं, मला त्याचा चेहरा लक्षात राहतो. हे नाही सोडवत आता."

संपलं, तिला वाटलं. टेबल गेलं तर त्याच्याशेजारी उभं राहायला तिला दुसरी जागाच कुठे होती? तिने पर्स उचलली.

"मी..." तिने धीर केला. "तुमच्या जाण्याला माझंही काही कारण होतं का?"

"जाण्याला? छे." तो काउंटरबाहेर आला. "कामातून मन वर्षभर आधीच उडालं होतं, तेव्हाच जाणार होतो. राहिलो ते तुमच्यामुळे."

आणि काही न बोलता त्याने हात पुढे केला, तळहात उघडा.

तिचा हात सवयीने काउंटरवर फिरला. पाव कापायची सुरी मुठीकडून बरोब्बर त्याच्या तळहातावर बसली. टप्प!

त्याने सुरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे नको."

गोंधळून तिने सुरी काढून रिबिनीची कात्री ठेवली.

"हेही नको."

"मग काय हवंय?"

"अगं बाई, कठीण आहे तुमचं!" आईने कपाळावर हात मारला आणि केकचा खोका शोधायच्या निमित्ताने आत निघून गेली.

तो मात्र तसाच उभा होता. हात पुढे. कान लालबुंद. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला... या हाताला काय हवंय हे ओळखायला पहिल्यांदाच ती चुकली होती.

तिने कात्री उचलून बाजूला ठेवली.

"पीठ लागेल," तो पुटपुटला.

"लागू दे."

तिने आपला हात त्याच्या हातात ठेवला. दोन वर्षं रबरी मोज्यांआडून ओळखीचा झालेला तो हात इतका ऊबदार असेल, हे तिला ठाऊकच नव्हतं.