पाण्यातली पहिली फणी

ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे पांढरे खडे, जाडसर साखरेसारखे. गंज घालवतं, शाईचे डाग काढतं. आणि त्याच्या पातळ द्रावणात कच्ची केळी बुडवली तर ती उशिरा पिकतात, हे सिद्ध करता करता माझी सहा वर्षं गेली! आई म्हणायची, "मेघा, केळी पिकतील, पण तुझी पीएच.डी. काही होत नाही." आता शेवटची मुदतवाढ मिळाली होती, पंधरा दिवसांची. चुकले की नोंदणी रद्द.

जळगावातल्या आमच्या कॉलेजात पुना आबा प्रयोगशाळा सांभाळायचे. घरी केळीचे मळे, त्यामुळे सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. ते काही केल्या निघत नाहीत. बारा फण्या त्यांनीच मांडल्या. सहा साध्या पाण्यातून काढलेल्या, सहा ॲसिडमधून.

"लाभ, दोन, तीन, चार..."

"आबा, एक म्हणा की! ही काय खळ्यावरची ज्वारी आहे?"

"पहिला मापले लाभच म्हनतस, बेटा." त्यांनी पहिल्या फणीच्या चिठ्ठीवरही 'लाभ' लिहिलं. मी पोट धरून हसले.

आठव्या दिवशी पाण्यातल्या पाच फण्या पिवळ्याधमक झाल्या. अख्ख्या विभागाने शिकरण केलं. लाभ मात्र हिरवीगार.

वाटलं, चुकून ॲसिडमध्ये बुडाली असेल. तिचं उरलेलं पाणी तपासलं. परमँगनेटचा गुलाबी रंग ऑक्झॅलिक असलं की नाहीसा होतो. इथे पहिलाच थेंब गुलाबी राहिला. पाणी साधंच होतं. देठ जिथून कापला होता, तिथे चीक ओला होता, आत्ता कापल्यासारखा.

चौदाव्या दिवशी ॲसिडवाल्याही पिकल्या. लाभ हिरवी. चीक ओला.

मार्गदर्शक योगेंद्र सर म्हणाले, "अहो, एवढ्या एका फणीपायी तक्ता बिघडवता? काढून टाका."

आबा दारातच थबकले. "लाभ फेकू नको, बेटा. तो शे तठेच ऱ्हाऊ दे."

पण मला डिग्री हवी होती हो, फार हवी होती! मी फणीचे तुकडे केले. घाईत पातं बोटाला लागलं. तुकडे कचऱ्यात टाकले आणि तक्त्यात अकरा नमुने लिहिले.

प्रबंध मंजूर झाला. पेढे वाटायला आबा आले. वाटण्याआधी त्यांनी आम्हाला मोजलं. आधी लाभ जिथे होती त्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, मग बोट माझ्यावर ठेवलं.

"लाभ."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मीच.

त्याला नऊ वर्षं झाली. मजेत आहे मी. आता त्याच विभागात शिकवते. आबा निवृत्त झाले, योगेंद्र सरांना टक्कल पडलं, माझ्या धाकट्या बहिणीला चष्मा लागला.

मला काही नाही. नवी मुलं मला वर्गमैत्रीण समजून टाळी मागतात.

विभागातल्या सारिका मॅडम विचारतात, "मेघा, कुठलं क्रीम लावतेस गं?" मी हसते.

फक्त बोटावरची ती जखम तेवढी भरत नाही.

आज सकाळीही पट्टी बदलली. तिच्यावर रक्त नव्हतं. केळीच्या चिकाचा काळा डाग होता.