साहेबांची बहीण

वर्तमानपत्रात चुका तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. हल्ली पुढाऱ्यांचे लेख, भाषणं, सगळं एआय लिहितं. आपल्या नावाखाली काय छापून येतंय, तेसुद्धा हे लेकाचे वाचत नाहीत. पूर्वी निदान उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तरी होतं. आता जीभही उसनी!

सोमवारी मंत्रीसाहेबांचा पाणीपुरवठ्यावर लेख आला. तिसऱ्या परिच्छेदात होतं, ‘माझी धाकटी बहीण कालव्यात बुडाली.’

मी त्यांच्या पीएला फोन लावला. "साहेबांना बहीण होती?"

"छे हो, एकुलते एक आहेत. एआयनं घातलं असेल. पण काळजाला भिडतंय ना? राहू द्या की!"

मी ते वाक्य उडवलं. माझी धाकटीही कालव्यातच गेली होती. ती पाच वर्षांची, मी नऊ. असेल योगायोग, म्हटलं.

गुरुवारी विरोधी नेत्याचा लेख आला, रस्त्यांवर. हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तिसऱ्या परिच्छेदात तीच बहीण. ‘तिचा पाय घसरला नव्हता. मी तिचा हात सोडला.’

हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. आईला तर पाय घसरला एवढंच माहीत. ऐंशी वर्षांची आई रोज भिंग लावून आमचा पेपर वाचते. तिला हे कळलं तर मी तिच्यासमोर उभा कसा राहू? मी तीही वाक्यं उडवली.

पण भाषण कसं उडवणार? रविवारी सकाळी साहेबांची सभा टीव्हीवर चालू होती. आई समोर बसून शेंगा सोलत होती.

"मी तिचा हात सोडला," साहेबांनी कागदावरून वाचलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या पडल्या. निर्लज्ज मेला! माझ्या पापावर टाळ्या घेतोय.

मी रिमोट शोधू लागलो. सापडेना.

"तिची एक चप्पल माझ्या हातात राहिली. ती मी परसातल्या टाकीमागं पुरली."

आईचे हात थांबले. ती टीव्हीकडे बघत नव्हती.

"टाकी पाडली तेव्हा सापडली मला ती," ती म्हणाली. "हात का सोडलास रे?"

मी तोंड उघडलं.

टीव्हीवर साहेबांनी पान उलटलं.

"सांगतो, आई," ते म्हणाले.