तिसऱ्याचा नमुना

चिपळूणच्या दमट हवेत गाद्यांना नुसतं ऊन दाखवून भागत नाही, हे हेमंतराव शेट्यांना पटायला पंचावन्नावं वर्ष उजाडावं लागलं. दमा अगदीच बळावला तेव्हा कुठे त्यांनी घरातली धूळ तपासून देणाऱ्या धूळगणकवाल्यांना बोलावलं.

सायली खेडेकर नावाच्या बाई पेटीएवढं यंत्र घेऊन आल्या आणि त्याची नळी गादीवरून, उशांवरून सावकाश फिरवू लागल्या.

"डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात हो. आपल्या कातडीचा जो कोंडा झडतो, त्यावर जगतात. आम्ही तो कोंडा विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फवारतो. खायलाच मिळालं नाही की मरतात बिचारे. फक्त प्रत्येकाच्या कातडीसाठी विकर वेगळं बनवावं लागतं. घरात किती जण?"

"दोघं. मी आणि मिसेस."

यंत्राच्या पडद्यावर मात्र तीन माणसांचा कोंडा दिसत होता.

"तिसरा तुमचा मुलगा दिसतोय," सायलीबाई म्हणाल्या. "जनुकं अर्धी तुमची, अर्धी वहिनींची. कोंडा ताजा आहे, आठवड्याभरातला. आणि जवळजवळ सगळा तुमच्या उशीत. विकर बनवायला मुलाच्या थुंकीचा नमुना मिळाला तर बरं होईल."

तीन वर्षांपूर्वी ओजस इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून गुहागरकडे खेकडे पाळायला निघाला, तेव्हा "पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस," असं हेमंतरावांनीच बजावलं होतं. गेल्या वर्षी त्यांचा फोन नंबर बदलला, तोही त्यांनी त्याला कळवला नाही. दर गुरुवारी ते कामासाठी दिवसभर रत्नागिरीला जात. म्हणजे गुरुवारी पोरगा येत होता, आईच्या हातचं जेवत होता आणि दुपारी बापाच्या उशीवर डोकं टेकून झोपत होता.

हेमंतरावांना भरून आलं. येऊ दे की, असं अगदी स्पष्ट त्यांच्या मनात आलं. मनातलं तोंडात यायला माणसाला एवढा उशीर का लागतो, देव जाणे. समोर परकी बाई होती आणि तीन वर्षं जपलेला ताठा होता.

"दोघंच आहोत आम्ही," ते म्हणाले. "तिसऱ्याचं काही नको."

त्यांच्या मिसेस, रूपालीताई, चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या.

फवारणी झाली. पलंगाखाली चिकटवलेली एक डबी दर आठवड्याला फोनवर अहवाल पाठवू लागली. किडे झपाट्याने घटले. हेमंतराव जिना न थांबता चढू लागले. पण अहवालात ते भलतंच काही शोधत असत. ताजा कोंडा दोघांचाच होता. तिसऱ्याचा जुना कोंडा आठ टक्के, मग पाच, मग दोन. त्याच्यावर विकर मारलेलं नव्हतं, त्यामुळे उरलेसुरले किडे तेवढ्यावरच तगून होते. गुरुवारी हेमंतराव मुद्दाम शेवटच्या गाडीने परतत आणि तसं सकाळीच घरात दोनदा सांगून जात. उशीचा अभ्राही त्यांनी धुवायला दिला नाही.

दहाव्या आठवड्यात तिसऱ्याच्या नावापुढे शून्य आलं.

"ओजस येत नाही का गं आता?" त्यांनी विचारलं.

रूपालीताई पोळी लाटत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"त्या बाईंना दोघंच म्हणालात ना तुम्ही. मी सांगितलं त्याला, बाबांना कळलंय, आता येऊ नकोस. ती डबी पुन्हा सांगणार, मग पुन्हा तुमची चिडचिड, पुन्हा दमा."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग जे म्हणायचं होतं ते का नाही म्हणालात?"

हेमंतरावांनी खिशातून फोन काढला. खूप वाईट वाटत होतं.

"नंबर सांग त्याचा," ते अखेर म्हणाले.

रूपालीताईंनी तोंडपाठ सांगितला. हेमंतरावांनी एकेक आकडा दाबला. बऱ्याच वेळाने पलीकडे फोन उचलला गेला. मागे पाण्याचा पंप चालू होता आणि आवाज त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा जाड झाला होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"