बुजोरचं लोढणं

"आठवड्यात हे चौथं लोढणं गायब," तोआदेरमामा म्हणाला आणि त्यानं दुधाची चरवी धाडकन खाली ठेवली. "लाकडाला पाय फुटतात का? तुम्हा तिघांपैकी कोण सोडतंय, ते आत्ताच सांगा."

इलिंका, तिचा नऊ वर्षांचा भाऊ यूस्तिन आणि मामाची मुलगी साल्विना ही तिघं बाकावर ओळीनं बसून मक्याचा सांजा खात होती. तिघांनीही माना हलवल्या.

"मी नाही," यूस्तिन म्हणाला. "मला ती गाठ सुटतच नाही. कालच पाहिलं मी."

"म्हणजे प्रयत्न केलास."

"पण सुटली नाही ना."

लोढणं म्हणजे हातभर लांबीचं जाड लाकूड. मामाच्या डोंगरावरच्या वाड्यावर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात ते दोरीनं आडवं टांगलेलं असे. कुत्रा हरणामागे सुटला, की ते त्याच्या पुढच्या पायांवर आपटे आणि त्याचा वेग कमी होई. गाव्रिला नावाचा गडी रोज सकाळी बुजोर या तरण्या कुत्र्याच्या गळ्यात ते बांधायचा. आणि दुपारचं दूध काढून होतंय, तोवर बुजोरचा गळा पुन्हा मोकळा झालेला असे.

"असू दे. आता चारच दिवस," मामा म्हणाला. "शनिवारी चीज न्यायला घोडागाडी येईल, तिच्यातून बुजोर खाली जाईल. तिथं लाकडाच्या वखारीवर त्याला राखणीला बांधतील. साखळी आणून ठेवलीय मी."

इलिंकाचा चमचा हातातच राहिला. मागच्या सुट्टीत बुजोर एवढंसं पिल्लू होता. तिच्या पायांवर झोपायचा. आता तो वासराएवढा झाला होता आणि ती दिसली की लांबूनच वळून जायचा.

"का पण मामा?"

"गेल्या आठवड्यात एका भटक्याला त्यानं तासभर खडकावर चढवून ठेवलं. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पण हाक मारली की हा उलट्या दिशेला! अंगावर गेलेला कुत्रा परत फिरत नसेल, तर एक दिवस तो कुणाला तरी फाडेल. मला काय हौस आहे, पोरी?"

मामाचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुपारी तिघंही वाड्यामागच्या उतारावर झुडपांआड पोटावर पडून राहिली. "मुंगी चावली," यूस्तिन कुजबुजला. "चावू दे," साल्विना म्हणाली.

थोड्या वेळानं बुजोर आला. लोढणं पायांवर ठकठक आपटत होतं. तो थेट विद्राकडे गेला. विद्रा ही कळपातली सगळ्यात म्हातारी कुत्री. बुजोर तिच्याजवळ आडवा झाला आणि त्यानं मान लांब केली. विद्रानं दोरी दाढेत धरली आणि हाड चघळावं तशी सावकाश चघळायला सुरुवात केली. दोरी तुटली. बुजोरनं लाकूड तोंडात धरलं, झुडपात नेऊन ठेवलं आणि परत येऊन विद्राच्या पाठीला पाठ लावून झोपला.

झुडपात पाच लोढणी सापडली. चार जुनी, एक आजचं.

"चोर सापडले," यूस्तिन हसत म्हणाला. "एक म्हातारी आणि एक तिचा साथीदार."

इलिंका हसली नाही. "विद्रानं त्याला हाकही मारली नव्हती, तरी तो गेला तिच्याकडे," ती म्हणाली. "आपण हाका मारतो आणि तो येत नाही. आपल्याकडे आल्यावर त्याला मिळतं तरी काय?"

"तेच बघू या की," साल्विना म्हणाली. तिला कुठल्याही गोष्टीची वही करायची सवय होती. "उद्या दिवसभर जो कुणी त्याला हाक मारेल, त्याचं नाव लिहायचं. आणि पुढे काय झालं तेही."

बुधवारी संध्याकाळी तिनं वही वाचून दाखवली.

"सकाळी सहा. गाव्रिलाकाका. बुजोर, इकडे ये. गळ्यात लोढणं. आठ. बाबा. बुजोर, इकडे ये. कालच्या लोढण्याबद्दल शिव्या. अकरा. गाव्रिलाकाका. कानातली गोचीड उपटली. चार. बाबा. कुत्रा आलाच नाही. बाबांनी जाऊन मानगूट धरून आणला."

"बिचारा," यूस्तिन म्हणाला.

"अजून एक आहे. पाच वाजता. इलिंका. बुजोर, ये ना रे. गळ्यात पडून मिठी. कुत्र्यानं तोंड फिरवलं, कान पाडले, ओठ चाटले. सुटल्याबरोबर पळाला."

इलिंकाचे कान तापले. "मला वाटलं, त्याला आवडतं."

"तुला आवडतं," साल्विना म्हणाली. तिनं टोमणा म्हणून नव्हतं म्हटलं, जसं दिसलं तसं सांगितलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

इलिंकानं हातातली गवताची काडी मोडून टाकली. मग म्हणाली, "ती हाक आता नासलीय. ती ऐकली की त्याला लोढणं आठवतं. आपण नवी हाक करू. आणि त्या हाकेनंतर वाईट काही घडू द्यायचं नाही. कधीच नाही."

"आणि गाव्रिलाकाका?" यूस्तिननं विचारलं.

"त्यांचं मी बघते," साल्विना म्हणाली. ती गाव्रिलापाशी गेली आणि फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "काका, रोज पहाटे त्या कुत्र्यामागे धावून तुमची कंबर गेली. शनिवारपर्यंत लोढणं आम्हीच बांधू का?"

गाव्रिलानं टोपी काढून तिला मुजरा केला. "देवानं तुला श्रीमंत नवरा द्यावा," तो म्हणाला आणि निवांत झोपायला गेला.

इलिंकानं नवी हाक ठरवली. दोन हलक्या शिट्ट्या. गुरुवारी सकाळी ती बुजोरपासून वीस पावलांवर, त्याच्याकडे अर्धी पाठ करून गवतात बसली. त्याच्याकडे रोखून पाहिलं नाही. शिट्टी वाजवली आणि ताज्या चीजचा गोळा त्याच्या बाजूला टाकला. त्यानं तो खाल्ला आणि निघून गेला.

"फुकट गेला," यूस्तिन म्हणाला. "तो मी खाल्ला असता."

दुसऱ्या वेळी बुजोर खाऊन तिथंच थांबला. सहाव्या वेळी गोळा इलिंकाच्या गुडघ्याशी पडला होता, तरी तो आला. तिचे हात त्याच्या गळ्याकडे जायला शिवशिवत होते. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. लोढणं बांधायची वेळ झाली, तेव्हा त्याला बोलावायचं नाही असा तिनं नियम केला. ती स्वतः उठून त्याच्यापाशी जाई, बांधून होईपर्यंत त्याला चाटायला चीज देई आणि लगेच बाजूला होई. विद्रालाही दुपारी एक हाड मिळू लागलं, त्यामुळे तिला दोरीची गरज उरली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी, दोन शिट्ट्यांवर बुजोर अख्खा उतार पळत खाली आला. इलिंकानं त्याची छाती खाजवली. तो तिला टेकून उभा राहिला. तिनं हात काढला, तर त्यानं तो नाकानं ढकलून परत आणला.

शनिवारी सकाळी धुकं होतं. घोडागाडी येऊन उभी होती, साखळी मागे लटकत होती. तेवढ्यात वरच्या कुरणातून माणसाची किंकाळी आली आणि तिच्या मागून बुजोरचं भुंकणं.

लाल रेनकोट घातलेला एक माणूस वाट चुकून थेट कळपात शिरला होता. हातातली काठी त्यानं डोक्यावर उगारली होती. बुजोर त्याच्या दिशेनं सुटला होता. लोढणं पायांवर आपटत होतं, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"बुजोर! इकडे ये!" मामा ओरडला. बुजोर आणखी जोरात धावला. मामा पुन्हा ओरडला.

"मामा, गप्प बस," इलिंका म्हणाली. मामाला असं कुणी म्हणत नसे. तो इतका चकित झाला, की गप्प बसला.

इलिंका ओल्या गवतात बसली, अर्धी पाठ वळवून. ओठ कोरडे पडले होते, पहिली शिट्टी फुसकी निघाली. तिनं ओठ ओले केले आणि दोनदा वाजवली.

भुंकणं थांबलं. मध्ये धुकं दाटून आलं, काहीच दिसेना. मग लाकडाची ठकठक ऐकू आली. ती जवळ येत होती.

बुजोर धापा टाकत तिच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. तिनं खिशातलं सगळं चीज त्याला दिलं. मामा काठी उचलून पुढे आला.

"आता मारलंस, तर पुढच्या वेळी तो येणार नाही," इलिंका म्हणाली. "तो आलाय, मामा. अंगावर जायचं सोडून आलाय."

मामाची काठी हळूहळू खाली आली. साल्विनानं वही पुढे केली. मामानं बुधवारचं पान उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याचं नाव त्यात दोनदा होतं.

"गाव्रिला," तो म्हणाला, "त्या रेनकोटवाल्याला आत आण, गरम दूध दे. आणि गाडीत चीज भर. फक्त चीज."

"आणि साखळी?"

"तिच्यानं फाटक बांध. कधीचं लोंबतंय." मग तो इलिंकाकडे वळला. "वीस वर्षं कुत्रे पाळतोय मी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शाब्बास, पोरी. तिघांनाही."

त्या संध्याकाळी मुलांनी एक गंमत पाहिली. डोंगराएवढा तोआदेरमामा उतारावर अर्धी पाठ करून बसला होता, एकटाच, आणि त्याला शिट्टी येत नव्हती. नुसती हवा निघत होती. बुजोर लांबून पाहत होता.

मामानं पुन्हा फुंकलं. बुजोर चार पावलं पुढे आला आणि थांबला. मामा हलला नाही. अजून चार पावलं.

"लिही," इलिंका साल्विनाला हळूच म्हणाली. "शनिवार, संध्याकाळी सात. मामा."

"पुढे काय झालं, ते?"

"थांब जरा. होऊ तर दे."