विक्रोळीला पुसलं, घाटकोपरला दिसलं

एकशे बारा घरांची फाईल तुम्ही हरवलीत, साहेब. आणि वर त्याच घरांना विचारलंत, "तुम्ही त्या चाळीत राहत होता, कशावरून?"

पुनर्वसनाच्या कचेरीत, तुमच्याच खिडकीपाशी अक्षता गावडे जुन्या वीजबिलांची पिशवी छातीशी धरून भांडत होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ओरिजनल देऊ नका. तेही हरवतील."

तो किरण. चाळ पाडल्यावर अर्धी घरं घाटकोपरला टाकली, अर्धी विक्रोळीला. ती पहिल्या माळ्यावरची, आता घाटकोपरला; तो मागच्या बैठ्या खोल्यांतला, आता विक्रोळीला. इतक्या वर्षांत बोलणं कधी झालंच नव्हतं.

तोडगा त्यानंच काढला. सगळे कागद स्कॅन करायचे, आणि दोघांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एकच फोल्डर.

"तू तिकडे टाकलंस की इकडे येणार. तिकडे पुसलंस की इकडूनही गेलं. जपून हं."

"तू झोपला असलास तरी?"

"घोरत असलो तरी."

पहिल्यांदा तिनं चाळीतल्या शकुमावशीचं रेशनकार्ड टाकलं. लगेच फोन — "आलं." अक्षताच्या अंगावर काटा आला. मधे एवढा हायवे, एवढे कारखाने... आणि ते फाटकं कार्ड कुणाचं बोट न लागता विक्रोळीत उतरलं होतं.

दीड महिना हेच. आणि फोनवर भांडणं.

"'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन खरं' — ही काय नावं झाली फाईलींची?" किरण वैतागायचा.

"मग बारसं तू कर ना."

"माझी फी परवडणार नाही तुला."

"सांगून तर बघ."

"सांगेन... नंतर."

सोमवारी सुनावणी होती. ती झाली की फोल्डर बंद, फोन बंद, निमित्तच बंद. रविवारी दुपारी अक्षता हेच मनात घोळवत बसलेली, तेवढ्यात फोल्डरमध्ये नवी फाईल उगवली. नाव — 'अक्षता'.

तिनं उघडली. 'तू मला आवडतेस.'

बंद करून परत उघडली. 'तू मला आवडतेस, पण तुझ्या घरी माझी जात चालणार नाही.'

पुन्हा उघडली. 'तू मला आवडतेस, पण जाऊ दे.'

येड्यानं चुकून त्याच फोल्डरमध्ये लिहायला घेतलं होतं. तिकडे विक्रोळीत एक माणूस अडखळत होता, आणि त्याचं अडखळणं इथे तिच्यासमोर उमटत होतं. ती श्वास धरून बघत राहिली. माणसाचं मन इतकं उघडं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मग फाईल गेली. त्यानं पुसली.

अक्षता उठली, पाणी प्यायली, परत बसली. पुसलेल्या फाईली कॉम्प्युटर महिनाभर कोपऱ्यात ठेवतो. तिनं ती बाहेर काढली आणि खाली लिहिलं —

'किरण, माझ्या घरच्यांशी मी भांडेन, मला ते चांगलं जमतं. पण दोघांच्या वतीनं "जाऊ दे" म्हणायला तुला कुणी सांगितलं? परत पुसशील तर परत काढेन. मी तुला हवी आहे की नको? ही फाईल उघडीच ठेवलीय. उत्तर दे.'