सहा गेले, चार आले

“पोटाखाली हात घाल. कान धरून उचलायचं नसतं, कितीदा सांगू?” हातात मेंदीचा कोन घेऊन सलोनी स्वरूपवर डाफरली.

“आधी त्याला सांग, मला लाथा मारू नको म्हणून,” स्वरूप म्हणाला. त्याच्या कुशीतल्या सशाने तेवढ्यात आणखी एक लाथ हाणली.

मे महिन्याची सुट्टी होती आणि सशांच्या कानांवर मेंदी काढायचं काम चाललं होतं. आता हा काय नवा खुळेपणा, असं तुम्हाला वाटेल. पण त्याला कारण होतं. रत्नागिरी शहराच्या कडेला तुळसामावशी बेवारस जनावरांसाठी निवारा चालवायच्या. तिथे तीन पायांची कुत्री होती, एक आंधळी गाय होती आणि ससे होते. वाढदिवसाला हौसेने ससा आणायचा आणि दिवाळीपर्यंत कंटाळायचं, अशा घरांमधून आलेले ते ससे. उन्हाळा सशांना सोसत नाही, म्हणून सलोनी, स्वरूप आणि ज्ञानेश्वरी रोज सकाळी येऊन त्यांच्या खुराड्यांवर ओली गोणपाटं टाकायची, बर्फाच्या बाटल्या आत ठेवायची, गवत घालायची.

गोम अशी होती की ससे मोजताच येत नव्हते. सगळेच पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. ज्ञानेश्वरीने मोजले की तेरा भरायचे, स्वरूपने मोजले की पंधरा. शेवटी सलोनीने आतेबहिणीच्या लग्नातली उरलेली, घरी वाटलेली मेंदी आणली. जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं आणि प्रत्येकाच्या कानाच्या पाठीवर एकेक खूण काढायला घेतली. कुणाला टिकली, कुणाला कोयरी, कुणाला चांदणी, कुणाला स्वस्तिक, एकाला चंद्रकोर. मागचा पाय ओढत चालणाऱ्या लहानशा सशीला तिने मासा काढला. ही सशी म्हणजे फेणी. तांदळाच्या फेणीसारखी पांढरी आणि हलकी, म्हणून फेणी. वाटी वाजवली की ती लंगडत पहिली पुढे यायची, आणि सलोनीशिवाय कुणाच्या हातून कोथिंबीर घ्यायची नाही. ससे मोजून चौदा भरले.

त्या गुरुवारी सलोनी आत्याकडे पूजेला गेली होती. शुक्रवारी येऊन पाहते तो फेणी नाही.

तुळसामावशी तर खुशीत होत्या. भागोजी आबा आले होते म्हणे, आणि सहा ससे घरी घेऊन गेले. आबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, देवमाणूस. सलग तिसऱ्या गुरुवारी त्यांनी सहा ससे नेले होते. लंगड्या सशीला कोण घेतंय गो, तिचं नशीब उघडलं, रडतेस काय, असं मावशींनी सलोनीला समजावलं. सलोनीने डोळे पुसले. फेणीला चांगलं घर मिळालं तर आपण आनंदी व्हायला हवं, हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं.

ज्ञानेश्वरी मात्र बोटांवर हिशेब करत होती. तिने विचारलं, “मावशी, सहा त्रिक अठरा. एका घरात अठरा ससे राहतात कुठे?”

“मोठं असेल घर,” मावशी म्हणाल्या, आणि गायीला पाणी द्यायला निघून गेल्या.

सोमवारी सकाळी निवाऱ्याच्या फाटकाशी आंब्याचं निळं क्रेट होतं. मागच्या दोन सोमवारीही असंच बेवारस क्रेट आलं होतं आणि त्यात चार-चार ससे निघाले होते. काळीज आहे की दगड या लोकांना, असं म्हणत मावशींनी झाकण काढलं. आत चार ससे दाटीवाटीने बसले होते. त्यांच्या अंगाखाली सुकलेली चाफ्याची फुलं होती आणि क्रेटची एक कड तुटलेली होती.

स्वरूपने एक ससा उचलला आणि तो तसाच उभा राहिला. कानावर टिकली होती. दुसऱ्याच्या कानावर कोयरी. तिसऱ्याच्या चांदणी, चौथ्याच्या स्वस्तिक. हे चारही गुरुवारी आबांनी नेलेले ससे!

सलोनीने क्रेट पालथं करून झटकलं. मासा नव्हता. चंद्रकोरही नव्हती.

मग तिघांच्या डोक्यात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आबा ससे नेतात आणि टाकून देतात? मग चारच का टाकतात? आणि टाकायचेच आहेत तर पुढच्या गुरुवारी पुन्हा न्यायला कशाला येतात? स्वरूपचं म्हणणं, त्यांचे ससे कुणीतरी चोरत असणार. पण चोरलेला माल मूळ जागी आणून ठेवणारा चोर कुणी पाहिलाय, असं ज्ञानेश्वरीने विचारल्यावर त्याने तो तर्क सोडला. मावशींनी क्रेटचं काही न बोलता, ससे कसे आहेत एवढंच विचारायला आबांना फोन लावला. ससे मजेत आहेत, हुंदडत असतील, असं आबा पलीकडून आनंदाने म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. त्यामुळे तर सगळेच आणखी चक्रावून गेले.

सलोनीला त्यातलं एकच कळत होतं. फेणी कुठे तरी आहे, तिला धड पळता येत नाही, आणि आपल्याला ठिकाण माहीत नाही.

तिघांनी आबांचा पाठलाग करायचा बेत रचला, आणि गुरुवारी त्यांना ससे न्यायला अडवू नका, असं मावशींना सांगून ठेवलं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, स्वरूपच्या काकांची दुर्बीण. गुरुवारी आबा आले, पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा ससे भरले, आणि स्वरूप भिंतीआड लपायला निघाला. तेवढ्यात ज्ञानेश्वरीने सरळ जाऊन विचारलं, “आबा, आम्हाला दाखवाल का तुमचे ससे?”

आबांचा चेहरा फुलला. “चला की पोरांनो! माझ्या गावी नेतो. देवरूखच्या रस्त्याला हाय, दीड तासात पोचू.”

दुर्बीण पिशवीत गेली. मावशींनी तिघांच्या घरी फोन केले, आणि त्या स्वतःही सोबत निघाल्या. ज्यांचा संशय घ्यायचा तेच आबा वाटेत पोरांना कोकम सरबत पाजत होते, आणि घाटातलं प्रत्येक वळण आपल्याला कसं पाठ आहे ते सांगत होते. सलोनीला त्यांचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता, म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता.

गावात उतरल्यावर आबा घराकडे वळलेच नाहीत. बांधावरून चालत ते गावाबाहेरच्या गर्द झाडीपाशी आले. ऐन, किंजळ, सातवीण, सगळी झाडं आभाळाला टेकलेली, आणि मधोमध एक लहानसं कौलारू देऊळ. ती गावची देवराई होती. आबांनी चपला बाहेर काढल्या, खोकं पायरीशी ठेवलं आणि हात जोडले.

“जावा बाळांनो,” ते हळूच म्हणाले. “आता देवाच्या राज्यात ऱ्हावा.”

त्यांनी खोक्याची दोरी सोडायला हात घातला, आणि सलोनीने धाव घेऊन दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.

“आबा, तुम्ही यांना इथे सोडता?”

“मग? पिंजऱ्यात जीव गुदमरतो गो बायो. हितं बघ, कोण काठी तोडत नाय, बंदूक आणत नाय. देवराईतलं सुकलं पानसुद्धा कोण बाहेर नेत नाय. अठरा सोडले मी हितं.”

“मग दाखवा अठरा.”

आबांनी झाडीत पाहिलं. पान हललं नाही. मग सलोनीने सगळं सांगितलं. मेंदी, टिकली, कोयरी, सोमवारचं क्रेट. आबा ऐकत राहिले, आणि त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं.

“माझे ससे तुमच्या दारात? ते कसे? सशांनी काय यष्टी पकडली?”

तेवढ्यात देवळामागून एक माणूस आला. देवळाचे गुरव, शिवादादा. देवळाची झाडलोट आणि पूजा त्यांच्याकडे असायची. एवढी माणसं आणि सशांचं खोकं पाहून ते जागीच थबकले. त्यांच्या हातात चाफ्याच्या फुलांनी भरलेलं निळं क्रेट होतं. क्रेटची एक कड तुटलेली होती.

“हेच ते क्रेट,” स्वरूप म्हणाला.

शिवादादांनी आधी कानावर हात ठेवले. पण मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. ससे कोण सोडतंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी देवळाच्या पायऱ्यांखाली पांढरे ससे थरथरत बसलेले दिसायचे. गावातले लोक म्हणायचे, देवाचे ससे, हात लावू नका. पण मुंगसाला आणि कुत्र्यांना हे कोण समजावणार? पाळीव जीव तो, धोका दिसला की पळायचं सोडून गोठून बसायचा. शिवादादांना ते बघवेना. सोमवारी पहाटेच्या गाडीने ते रत्नागिरीला फुलं विकायला जात. त्याच क्रेटमध्ये ते उरलेले ससे घालून न्यायचे आणि फाटकाशी ठेवून निघून यायचे.

“हाक का नाही मारलीत मला?” मावशींनी विचारलं.

“कशी मारू? हितलं पान न्यायचं नाय, आणि गुरवानंच देवाचे ससे बाहेर काढले, असं गावाला कळलं तर?” शिवादादांनी मान खाली घातली. “दर टायमाला चारच मिळायचे. बाकीच्यांची नुसती लव दिसायची.”

आबा पायरीवर खाली बसले. एका भल्या माणसाने ससे सोडायचे, दुसऱ्या भल्या माणसाने ते लपवून परत न्यायचे, आणि तिसऱ्या भल्या बाईने न विचारता तेच पुन्हा पहिल्याच्या हवाली करायचे. तिघांचंही मन चांगलं होतं आणि दर फेरीत ससे मरत होते.

“मी सोडलेलेच परत आणून सोडत होतो तर,” आबा पुटपुटले. “गुरवारी रात्री मला काय झोप लागायची पोरांनो. वाटायचं, आज सहा जीव सोडवले.”

सलोनीचा राग आता कुठे वर आला. “एकदा तरी परत येऊन बघायचं होतंत, आबा,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. आबांनी मान हलवली.

मावशींनी तिला जवळ घेतलं. “मी तरी कुठे बघितलं गो? घर बघायला मीच जायला हवं होतं.”

“एक हाय अजून,” शिवादादा अचानक म्हणाले. “दीपमाळेच्या चौथऱ्याखाली. आवाज येतो, पण माझ्या हाताला येत नाय. आठ दिवस झाले.”

सलोनीने देवळातली पितळी वाटी मागितली. अनवाणी पायांनी ती चौथऱ्याशी गेली आणि जांभ्या दगडांच्या फटीपुढे पालथी पडली. तिने वाटी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. डासांनी तिचे पाय फोडून काढले तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळाने आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मग एक नाक दिसलं, आणि मागचा पाय ओढत फेणी बाहेर आली. ती मातीने लाल झाली होती आणि हाडं लागत होती. पण कानावर मासा होता.

फेणी सलोनीच्या फ्रॉकमध्ये शिरली. सगळे निघायला उठले, तर शिवादादा वाटेत घुटमळत उभे.

“दिवसाढवळ्या न्यायची कशी हो? देवराईतून काय बाहेर...”

ज्ञानेश्वरी म्हणाली, “दादा, आबांची टोपी इथे पडली तर ती इथेच ठेवायची का?”

“नाय. ती आबांची.”

“मग फेणी आमची. ती काही इथे उगवलेली नाही. पाहुणी होती, आता घरी चालली.”

शिवादादा तिच्याकडे बघत राहिले. मग इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरावा तसे ते हसले, आणि देवापुढचं एक फूल त्यांनी फेणीच्या डोक्याला लावलं. गावाला मीच सांगतो, असं ते म्हणाले. परतीच्या गाडीत सगळे सात ससे होते आणि खोकं आबांनी मांडीवर घेतलं होतं.

चंद्रकोरवाला ससा सापडला नाही.

पुढच्या आठवड्यात आबा एका गवंड्याला आणि जांभ्याचे चिरे भरलेला टेम्पो घेऊन निवाऱ्यावर हजर झाले. त्यांनी सशांसाठी मोकळं कुंपण बांधलं. ससे बिळं खणतात म्हणून खाली जाळी, मुंगूस येऊ नये म्हणून वर जाळी, आणि मध्ये आंब्याची सावली. ससे पहिल्यांदाच सुसाट धावले, आणि फेणी त्यांच्यामागून लंगडत.

तुळसामावशींनी त्या दिवशी सगळ्यांसमोर तिघांची पाठ थोपटली. “मी इतकी वर्षं जनावरं सांभाळते, पण घर बघितल्याशिवाय मुका जीव कुणाच्या हाती द्यायचा नाही, हे मला या पोरांनी शिकवलं.” यापुढे ससा कुणाला द्यायचा असला की ही तिघं आधी त्या घरी जाऊन बघून येतील, असंही त्यांनी जाहीर केलं. स्वरूपने लगेच दुर्बीण काढली.

सलोनी नव्या सशांना खुणा काढत बसली होती. आबा तिच्यासमोर येऊन बसले. त्यांना काहीतरी मागायचंय हे सहा महिन्यांच्या पोरालाही कळलं असतं, पण ते तोंडून निघत नव्हतं. शेवटी त्यांनी स्टिअरिंग धरून घट्टे पडलेला आपला तळहात पुढे केला.

“बायो, चंद्रकोर काढ हितं.”

“आबा, पंधरा दिवसांत जाईल ती.”

“मग परत येईन,” आबा म्हणाले.

सलोनीने त्यांचा हात मांडीवर घेतला आणि कोन टेकवला. सशांना तिने पुढे पुष्कळ खुणा काढल्या, पण चंद्रकोर तेवढी आबांच्या हातावरच राहिली.