मावशीचा अंगठा

खरं सांगते, त्या उष्माबाईला बघितलं की माझं डोकंच फिरायचं!

उष्मा म्हणजे माझ्या शास्त्रज्ञ आजोबांनी, नानांनी, दवाखान्यासाठी घडवलेली रोबो. हेमामावशीच्या मांडीत कर्करोगाची गाठ होती. उष्मा आधी गाठीला शेक द्यायची, मग डॉक्टर किरणोपचार (गाठीवर न दिसणाऱ्या किरणांचा मारा) करायचे. शेक वाईट पेशींना (शरीर ज्यांचं बनतं ते इटुकले कण) धरतो आणि चांगल्यांना सोडतो म्हणे. कसा काय? पण मला त्याचं काय! मावशीच्या तोंडी सारखं, "उष्मा किती हळुवार आहे गं, पर्णू!" आणि मी, तिची लाडकी भाची, बाहेरच्या बाकावर! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

शेकच द्यायचा ना? आमच्याकडे काही दुखलं की मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकतात. दवाखान्यात निघायच्या आधी मी मावशीची मांडी मस्त शेकली. "बरं वाटतंय गं," ती म्हणाली. मी खूश!

उष्माने मात्र मांडीजवळ हात नेला आणि थांबली. "त्वचा भाजली आहे. आज शेक नाही."

मी नानांना पुरचुंडीचं सगळं सांगून टाकलं. मावशीचा उपचार माझ्यामुळे राहिला!

"अगं वेडाबाई," नाना म्हणाले, "पुरचुंडीने वरची कातडी भाजते, ऊब गाठीपर्यंत पोचतच नाही. उष्मा कातडीवर गार पाण्याची पिशवी ठेवते आणि ऊब देणाऱ्या रेडिओलहरी आत सोडते."

"मग आतल्या चांगल्या पेशी भाजत नाहीत?" मी नाक ओढत विचारलं.

"तिथलं रक्त भराभर वाहतं आणि उष्णता घेऊन जातं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, तुंबलेल्या. उष्णता तिथेच कोंडते. साधारण बेचाळीस अंशांना त्या पेशी दुबळ्या होतात. मग किरणांनी केलेली मोडतोड त्यांना दुरुस्त करता येत नाही. नुसत्या शेकाने गाठ जात नाही हं, पण किरणांचं काम सोपं होतं."

कातडी बरी झाल्यावर आम्ही परत गेलो. या वेळी नानांनी मलाही आत बसवलं. शेक सुरू झाला.

"कुठे चटका बसतोय का?" उष्माने विचारलं.

"छे! चालू दे," मावशी हसून म्हणाली. पण तिच्या पायाचा अंगठा आवळला गेला होता. इंजेक्शन घेतानाही ती अस्संच करते!

"थांब, उष्मा! तिला भाजतंय!"

उष्माने लहरी लगेच बंद केल्या. मावशी ओशाळली. "उपचार परत राहायला नको, म्हणून बोलले नाही गं."

"माझ्या मापकांना हे कळलं नाही," उष्मा लहरींची दिशा बदलत म्हणाली. "तुला कसं कळलं?"

"माझी मावशी आहे ती!" काय सांगू, कसलं गार वाटलं मला!

तेव्हापासून मावशीच्या पायाशी माझं स्टूल ठरलेलं. गाठही आकसायला लागली. एकदा नाना म्हणाले, "उष्मालाही अंगठे बघायला शिकवू या."

"मुळीच नाही! ते माझं काम!"

मी फणकाऱ्याने बाहेर आले. बाकावर एक म्हातारे आजोबा शेकासाठी थांबले होते. अगदी एकटे. त्यांचा अंगठा बघायला कोणी भाची नव्हती.

मी परत आत गेले. "बरं, शिकवते तिला," मी म्हटलं. "पण मावशीचा अंगठा माझाच!"